बाळाबाईचा शेक आणि माझ्या फेऱ्या

मित्रांनो, पिंपरी पेंढारला कुंडलिक भाऊंच्या गोठ्यामागे बिनचाकांची एक जीप उभी आहे. टपावर कोंबड्या बसतात, पत्र्याला गंज चढलाय. ती मी. एका जागी उभं राहणं मला कधी जमलं नाही आणि आता तेच नशिबी आलंय. म्हणून बोलते. बोलताना तरी कुठं निघाल्यासारखं वाटतं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ठोकाठोक आणि ताज्या रंगाचा वास, एवढंच. खरा जन्म म्हणाल तर पंच्याण्णव साली भाऊंनी मला दारात आणून नारळ फोडला तेव्हाचा. मग रोज पहाटे मेथी-कोथिंबीर घेऊन पुण्याच्या बाजारात जायचं आणि येताना माणसं भरून आणायची. आत मावतील तेवढी आत, बाकीची मागं लोंबकळत. "कुंडलिकची जीप म्हंजी यष्टीपरीस भरवशाची," असं लोक म्हणायचे आणि मग मी खेडच्या घाटात उगाच जास्त जोर काढायची.

पण माझ्या मनातून जात नाही ते दोन हजार चार सालचं. निमगाव सावाच्या बाळाबाई आणि त्यांचा नवरा ज्योतिबा मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप माळशेज घाट उतरून कोकणात जायचा. त्या वर्षी बाळाबाईंच्या छातीत गाठ निघाली. पुण्याच्या दवाखान्यात गाठ काढली, जखम भरली. आता मशीनखाली झोपवून किरणं द्यायची होती. आमच्याकडं त्याला शेक म्हणतात. मोठ्या डॉक्टरांनी पाच आठवडे रोज यायला सांगितलं. दसरा तोंडावर होता, दिवाळीला पाच आठवडेही उरले नव्हते.

"जेवढा व्हईल तेवढा शेक घ्यायचा आन मेंढरांमागं निघायचं," मेथीच्या गोणीला टेकून बाळाबाई म्हणाल्या.

मला धडकीच भरली. महाळुंगे पडवळच्या साळुबाई अशाच कांद्याच्या लागवडीसाठी शेक अर्धा टाकून गेल्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांना माझ्याच मागच्या बाकावर आडवं झोपवून पुण्याला नेलं. त्या परत आल्या नाहीत. मला बोलता येत असतं तर मी बाळाबाईंना त्याच दिवशी झापलं असतं.

त्याच आठवड्यात नारायणगावला तपासणीचं शिबिर होतं आणि डॉक्टरांना आणायचं भाडं भाऊंना मिळालं. पुढं मोठे डॉक्टर बसले, मागं त्यांच्या हाताखालच्या डॉक्टर तेजस्विनी. चाकण ओलांडलं नाही तोच दोघांची जुंपली.

"सर, पाच आठवडे म्हटलं की लांबच्या बायका अर्ध्यावर सोडतात. परदेशात तीन आठवडे देऊन पाहिलंय. रोजचा डोस थोडा जास्त, दिवस कमी. पाच वर्षांनी पाहिलं तर दोन्हीकडं निकाल सारखाच."

"पाचच वर्षं ना?" मोठे डॉक्टर म्हणाले. "मी शिकत होतो तेव्हाही दिवस कमी करून मोठे डोस द्यायचे. पुढं कितीतरी वर्षांनी त्या बायकांचे खांदे आखडले, हात सुजले. मी पाहिलंय ते. तू तेव्हा शाळेत होतीस."

"आता एकूण डोस कमी ठेवतात, सर. बाळाबाईंची गाठ लहान होती, काखेत काही नव्हतं. अशाच बायकांचा अभ्यास आहे तो."

"आणि चुकलं तर तिला तोंड कोण दाखवणार?"

"ती अर्ध्यावर गेली तर कोण दाखवणार?"

मला दोघांचंही पटत होतं आणि त्यामुळंच चैन पडत नव्हती. एकजण तरी सरळ चुकीचा असता तर बरं झालं असतं.

शिबिराच्या मांडवाबाहेर बाळाबाई बसल्या होत्या. मोठे डॉक्टर माझ्यातून उतरले ते थेट त्यांच्याकडं गेले. "दिवाळीनंतर थोडे दिवस थांबाल का?"

"न्हाई थांबायची, दाक्तर. खोटं कशाला बोलू?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बरं. तीन आठवडे देऊ. पण एक दिवस चुकवायचा नाही."

मग फेऱ्या सुरू झाल्या. मला दवाखान्याच्या आत जाता येत नसे. फाटकाबाहेर उन्हात उभं राहायचं आणि तिकडं डोळे लावायचे. बाळाबाईंची कातडी लाल झाली, तेव्हा मोठ्या डॉक्टरांचंच खरं होणार असं वाटून मी खड्डे चुकवत चालायची. तेजस्विनीबाईंनी त्यांना तपासून सांगितलं, हे होतंच, भरून येईल. तरी माझी हुरहुर जाईना.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस बाळाबाई तोंड पाडून बाहेर आल्या.

"आज शेकच दिला न्हाई," वाटेत त्या सोबत आलेल्या ज्योतिबांना म्हणाल्या. "छातीवर शाईच्या खुणा केल्या व्हत्या ना, त्या घामानं पुसत आल्या. म्या मेंढरांच्या लाल रंगानं नव्या मारल्या. दोन बोटं खाली गेल्या म्हनं. शेक भलतीकडंच बसला असता."

"अगं, तुला कुनी सांगितलं व्हतं?"

"कळपाची खूण फिकी झाली की नवी कोन मारतं? मीच ना!"

भाऊ इतके हसले की त्यांना मला बाजूला घ्यावं लागलं. मला मात्र हसू आलं नाही. सणात मशीन बंद, म्हणून तो बुडलेला शेक आता दिवाळीनंतर घ्यायचा होता आणि त्याच दिवशी कळप निघणार होता.

त्या पहाटे मी निमगावच्या फाट्यावर थांबले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. भाऊंनी हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. साळुबाईंचा मागचा बाक मला सारखा आठवत होता. भाऊंनी गिअर टाकला आणि शेताच्या बांधावरून हाक आली, "थांबा की राव! मेंढरं वाटंला लावत व्हते!"

बाळाबाई धावत आल्या आणि गोणीवर धपकन बसल्या. पदर डोळ्यांना लावून त्या गुपचूप रडत होत्या. कळप दिराच्या हवाली करून आल्या होत्या.

शेवटचा शेक झाला तेव्हा मोठे डॉक्टर स्वतः फाटकापर्यंत आले. "दर पावसाळ्यानंतर मला दाखवायला यायचं. हे मी भीतभीत दिलंय."

"भ्या वाटत व्हतं, तर दिलं कशापायी?"

"पाच आठवडेच धरून बसलो असतो तर तुम्ही पळाला असता."

"पळालेच असते," बाळाबाई म्हणाल्या आणि हात जोडून माझ्यात बसल्या.

पुढं माझं इंजिन बसलं. भाऊंनी टेम्पो घेतला, माझी चाकं कुणीतरी बैलगाडीला नेली. आता कुणी माझी काच पुसत नाही. त्याचं दुःख आहे, पण परवापासून त्याहून मोठी तळमळ लागली आहे.

परवा ज्योतिबांनी भाऊंच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवली. बाळाबाई आल्या होत्या, चांगल्या धडधाकट. भाऊंची बायको अंजना चहा घेऊन आली आणि दोघी माझ्याच मोडक्या सीटवर बसल्या. बाळाबाईंनी सगळं सांगितलं आणि विचारलं, "वैनी, अंघुळीला छातीवर हात फिरवून बघती का कधी?"

अंजनावहिनींनी चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "हाय एक. पर दुखत न्हाई म्हनून बोलले न्हाई."

मित्रांनो, माझ्या इंजिनात जरा खडखड झाली की भाऊ लगेच झाकण उघडून बघायचे. घरातलं माणूस खडखड करत नाही.

आज पहाटे भाऊंनी टेम्पो काढला. कोथिंबिरीच्या जुड्या ओट्यावर तशाच पडल्या आहेत. वहिनींच्या शेजारी बाळाबाई बसल्या, मेंढरं नवऱ्यावर सोडून. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला आणि मला चाकं नाहीत.

ते संध्याकाळी परततील. तोवर तुम्ही घरी जा आणि आईला विचारा, कुठं गाठ तर लागत नाही ना. ती म्हणेल, "काही नाही रे." तरी पुन्हा विचारा.