उंबरठ्याआतली गाडी

उकंड्याला सुभद्रा रोज सकाळी दाव्यानं बांधायची. वासराला बांधतात त्याच दाव्यानं, माजघरातल्या खांबाला, कमरेभोवती जुनं मऊ धडपं गुंडाळून. गाठ मारताना ती त्याच्या तोंडाकडं बघत नसे. पोर साडेतीन वर्षांचं, पण पाय जन्मापासून ज्वारीच्या वाळल्या धांड्यासारखे. उभं राहणं त्याच्या नशिबी नव्हतं. हातांवर मात्र असं सरपटायचं की पापणी लवते न लवते तोच चुलीपाशी. श्रावणात असंच गेलं आणि उजवा पंजा निखाऱ्यात घातला. तेव्हापासून दावं.

नावही हौसेचं नव्हतं. आधीची दोन लेकरं गेली, म्हणून हे तिसरं जन्मताच उकिरड्यावर लोळवलं आणि उकंडा नाव ठेवलं. असल्या नावाचं पोर मरणसुद्धा उचलत नाही म्हणतात. मरण फसलं खरं, पण रिकाम्या हातानं गेलं नाही. जाताना पाय घेऊन गेलं.

मागल्या वर्षापर्यंत सुभद्रा त्याला कडेवर घेऊन वावरात जायची. बांधावरच्या बाभळीला झोळी टांगायची आणि कापूस वेचता वेचता मान वळवून बघत राहायची. यंदा तिला सातवा महिना लागला होता. दसऱ्याला लुगड्यावर रक्ताचा डाग दिसला, तेव्हा सुईण दुर्गाबाईनं तिचं मनगट धरून सांगितलं, "आता त्याले कडेवर घेशीन तं पोटातलं जाईन. मंग माह्याकडं रडत येऊ नको."

मग पोराला घरी ठेवायचं कोणापाशी? सासू पार्बताबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पोर कुठं सरपटलं ते तिला ओरडा ऐकूनच कळायचं. गावातली हात चालणारी प्रत्येक पोरगी वेचणीला. बैलगाडीत घालून न्यावं, तर सगळ्या गाड्या कापसाची पोती भरून अमरावतीच्या वाटेवर. आणि सुभद्रानं घरी बसावं असं तर कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. पांढरं सोनं झाडावर फुटलेलं असताना घरधनीणच बाजेवर बसली, तर मजूर बायका अर्धा कापूस वेचणीच्या ओटीत न घालता स्वतःच्या पदरात घालतील, असं तिचा नवरा जानराव म्हणायचा.

दिवसच तसे होते. सात समुद्रांपलीकडं गोरे गोऱ्यांशी लढत होते म्हणे, आणि त्यांच्या भांडणात तिकडचा कापूस अडला आणि अकोला-बाळापूरच्या काळ्या मातीचं नशीब फळफळलं होतं. काल ज्याच्या भाकरीवर मिठाचा खडा नव्हता तो आज हुक्क्याला चांदीची तोटी लावत होता. कोणी नांगराला चांदीचा फाळ बसवला, कोणी बैलाच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या. अक्कल मात्र कोणी आणली नाही. अमरावतीच्या बाजारात सगळं मिळत होतं, ती तेवढी मिळत नव्हती.

जानराव कापूस घेऊन अमरावतीला गेला, तेव्हा सुभद्रा पुंजाराम सुताराकडं गेली. पुंजाराम म्हातारा, वर्षाच्या ज्वारीवर गावाचं लाकूडकाम करणारा बलुतेदार. तिचं सगळं ऐकून त्यानं लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला.

"गाडी पाहिजे म्हनतं. बरं. ढकलनार कोन?"

"मीच, पुंजाबा. दुसरं कोन हाय?"

"घराले उंबरठे किती?"

"तीन. अन् मंग वसरीची पायरी."

"तं मंग हलकी पाहिजे. रिकामी गाडी तुले एका हातानं उचलता आली पाहिजे. वावरात आता भेगा पडल्या असतीन नं?"

"माहं पाऊल जातं आतमंदी."

"मंग बारीक चाक कामाचं नाही. भेगंत फसलं का पोट्टं तोंडावर. चाक चार बोटं रुंद, बुटकं. दोन मागं, एक पुढं, पांगुळगाड्यावानी. उभी राह्य." म्हाताऱ्यानं सुतळी घेतली आणि जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत माप धरलं. "दांडा इथंलोक. वाकाची पाळी आली नाही पाह्यजे तुह्यावर. अन् त्याले टेकाले पाठ करतो, पुढं सुताचा पट्टा."

"दावं नको, पुंजाबा."

"पट्टा म्हनलं म्या, माय. दावं नाही."

म्हातारा मापाच्या जागी सुतळीला गाठी मारत गेला आणि सुभद्रा ते बघत राहिली. आजवर तिला एवढे प्रश्न कोणी विचारले नव्हते. लग्नातही नाही. घरी येऊन तिनं उकंड्याला सांगितलं, "तुले गाडी येऊन राहिली रे." तेव्हापासून पोर बसल्या जागी दोन मुठी पुढं धरायचं आणि बैल हाकायचं, "हर्र... हर्र..."

पंधराव्या दिवशी जानराव परत आला तो डोळ्यांत निराळंच पाणी घेऊन. अमरावतीत कापूस घेणाऱ्या एका साहेबाच्या बंगल्यावर त्यानं लेकराची गाडी पाहिली होती. तीन मोठी चाकं, काळी कुळकुळीत, वर छत्री, आत लोण्यासारखं पोर आणि मागं ढकलणारी दाई. जेवायला बसला तरी गाडी तोंडातून जाईना.

"चाकं अशी चमकत होती का तोंड पाहून घ्यावं त्यायच्यात. बाकीचे गाडीवान तोंड वासून पाहत राह्यले."

सुभद्रानं भाकरी वाढली आणि धीर करून म्हणाली, "म्या पुंजाबाले सांगतलं हाय. एक लहानशी गाडी. वावरात न्याले."

"सांगतलं? कोनाले इचारून?"

"उकंड्या बांधलेला राह्यते दिवसभर. गाडी झाली तं माह्यासंगं येईन."

जानरावानं घास गिळला. पोराचं त्याला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण असल्या माणसाला वाईट वाटलं की तो खिसा चाचपतो, पोराकडं बघत नाही.

"करू नं गाडी," तो म्हणाला. "पन जानरावाच्या घरची गाडी बाभयीची? सागवानी करू. अकोल्याच्या सोनाराकडून चाकाभोवती चांदीची धाव बसवू. साहेबाच्या गाडीले लोखंडाचीच हाय."

"जड होईन ना जी..."

"तुले काय समजते गाडीतलं?"

तिला समजत होतं ते सगळं म्हाताऱ्याच्या सुतळीवर गाठी मारून ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी जानराव सुतारवाड्यात गेला आणि ती सुतळी निकालात निघाली.

पुंजाराम एकदा बोलला. "मालक, हे गाडी लेकरासाठी करून राह्यलो का लोकायसाठी?"

"चांदी माही, लेकरू माहं. तुही ज्वारी बी माह्याच खळ्यावरून येते, ध्यानात ठेव."

म्हाताऱ्यानं वाकस उचलला. बलुतेदाराला ह्यापुढं बोलायचं म्हणजे पोटाशी वैर. तयार झालेली तीन बुटकी चाकं त्यानं भुश्शाखाली सारली आणि सागवानाला हात घातला.

गाडी महिन्यानं आली. बाजूंना मोर कोरलेले, कोपऱ्यांना पितळी घुंगरं, चाकं कमरेएवढी उंच आणि चाकाभोवती लोखंडाच्या जागी चांदीची धाव. दोन गडी लागले आत आणायला. वसरीत सारं गाव लोटलं. जानराव म्हणाला, पारापर्यंत मिरवून आणू, मारुतीला नारळ फोडू.

सुभद्रानं उकंड्याला न्हाऊ घालून, काजळ लावून, नवं कुंचडं चढवून तयार ठेवलं होतं. पोर गाडीकडं हात करून ओरडत होतं, "माही! माही!"

जानरावानं भाऊ सूर्यभानाचं पोर उचललं. गुटगुटीत, दोन पायांवर नाचणारं. ते त्यानं गाडीत बसवलं.

"अवं, उकंड्याले बसवा नं," सुभद्रा दारातून म्हणाली. "त्याची गाडी हाय."

जानराव जवळ आला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "आज नको. लोकं गाडी पाहतीन का त्याचे पाय पाहतीन?"

गाडी घुंगरं वाजवत गेली. चांदीची चाकं ज्याला मिळाली ते पोर अर्ध्या वाटेत कंटाळलं, उडी मारून धावत पुढं गेलं. गडी रिकामी गाडी पारापर्यंत घेऊन गेले आणि लोकांनी तिलाच वाहवा दिली. उकंडा उंबरठ्यावर पालथा पडून घुंगरांचा आवाज जाईपर्यंत मान ताणून राहिला.

संध्याकाळी गाडी माजघरात लागली. धाव झिजू नये म्हणून चाकांना दोन दोन धोंडे लावले, वर गोणपाट टाकलं. सोयरेधायरे आले की गोणपाट निघायचं, ते गेले की पुन्हा पडायचं.

चार दिवस सुभद्रानं वाट पाहिली. पाचव्या दिवशी, जानराव खळ्यावर गेल्यावर, तिनं धोंडे काढले, उकंड्याला उचलून आत बसवलं आणि दांडा धरला. दांडा गड्यांच्या उंचीचा, तिच्या छातीशी येत होता. पहिल्या उंबरठ्याला चाक लागलं आणि गाडी देवळाच्या नंदीसारखी बसली. तिनं जोर केला. पोर आनंदानं "हर्र! हर्र!" करत होतं. तिनं पुन्हा जोर केला आणि ओटीपोटात अशी कळ आली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. ती दांड्याला धरून खाली बसली.

पार्बताबाई बाजेवरून चाचपडत आली. "काय झालं व? घुंगरू काहून वाजून राह्यले?"

"काही नाही, आत्याबाई."

"चांदीले खरकटे हात लावू नको. जान्या रागावते."

कळ ओसरल्यावर सुभद्रानं गाडी मागं सारली, धोंडे पुन्हा लावले. दुपारी जानराव जेवायला आला तेव्हा ती त्याच्या पुढ्यात बसली. ह्या घरात ती अशी कधी बसली नव्हती. "चांदी काढून घ्या. मोठे चाकं काढा. पुंजाबाचे लहान चाकं पडून हायेत, ते लावा. म्या दुसरं काही मांगत नाही."

"काढू? येडी झाली का तू?" तो खरोखरच घाबरला होता. "धाव काढली तं लोकं काय म्हनतीन? जानरावाचा कापूस बसला म्हनतीन. अमरावतीचा दलाल उद्या माह्याकडं तोंड करनार नाही. घरातली चांदी घरात आनता येते, घरातून उतरवता येत नाही, सुभद्रे."

"मंग दुसरी गाडी. बाभयीची."

"चांदीची असताना बाभयीची? थट्टा लावतं का माही?"

त्याचं म्हणणं खोटं असतं तर तिनं भांडण काढलं असतं. पण त्या वर्षीच्या वऱ्हाडात तो म्हणत होता ते खरंच होतं, आणि शहाणपण गेलं की खरंसुद्धा असं दिसतं.

दुसऱ्या दिवशी वेचणीवरून परतताना ती वाट वाकडी करून सुतारवाड्यात गेली. पुंजाराम ओट्यावर बसला होता. तिला पाहून त्यानं मान खाली घातली.

"ते चाकं द्या, पुंजाबा. फळी मी कुठून तरी आनतो. नुसतं ठोकून द्या."

"सकाळीच येऊन गेले तुहे मालक. म्हने, दुसरी गाडी केली तं खळ्यावर येऊ नको." म्हातारा उठला, आत गेला आणि भुश्शाखालची तीन चाकं तिच्या पुढ्यात आणून ठेवली. चार बोटं रुंद, बुटकी, रंध्यानं गुळगुळीत केलेली. "घेऊन जाय. चाकं देतो मी. गाडी करता येत नाही, माय. चार नातवंडं हायेत घरात."

तिनं एक चाक उचलून पाहिलं. एका हातात मावत होतं. मग तिनं ते परत ठेवलं. नुसत्या चाकांवर पोर कसं बसवायचं?

वेचणीचा दुसरा फेर सुरू झाला. त्या सकाळी सुभद्रा उकंड्याला खांबाशी न्यायला वाकली, तेव्हा पार्बताबाईनं तिच्या हातातलं दावं काढून घेतलं.

"खांबापाशी रडते पोट्टं. इकडं आन." म्हातारीनं गोणपाट बाजूला सारलं, चाचपत गाडीचं चाक शोधलं, आऱ्यांमधून दावं ओवलं आणि गाठ मारली. हाताला जड लागलं तशी समाधानानं म्हणाली, "आता बैल जुपला तरी हालत नाही. त्याचीच तं गाडी हाय. बसू दे तिच्यापाशी."

उकंडा खरंच रडला नाही. त्यानं भाजलेला पंजा चांदीवर ठेवला, थंडगार लागली म्हणून हसला आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवू लागला. चाक धोंड्यात अडकलेलं होतं.

सुभद्रानं धोंड्याकडं पाहिलं. तो काढावा म्हणून ती वाकली. पण चाक फिरलं असतं तर दावं गुंडाळत गेलं असतं आणि पोर चाकात ओढलं गेलं असतं. उलट तिनं धोंडा पायानं नीट आत सारला.

दारात मजूर बायका ओट्या बांधून हाका मारत होत्या. तिनंही ओटी बांधली, पोटाच्या वरून, आणि उंबरठा ओलांडला. पाठीमागून उकंड्यानं दोन मुठी पुढं धरून बैल हाकले.

"हर्र... माय, चालली नं गाडी?"

"चालली," ती म्हणाली, आणि मागं न बघता वावराच्या वाटेला लागली. बांधापाशी पोचेपर्यंत तिला ते "हर्र" ऐकू येत होतं. तेवढ्या दुरून येणं शक्य नव्हतं, तरी येत होतं.