पोटात कागद असलेली पेटी

मी एक जुनी, ओकच्या लाकडाची पेटी आहे. मित्रांनो, माझ्या झाकणाला एक फट आहे आणि फटीखाली पितळी पट्टीवर इंग्रजीत कोरलं आहे : 'पावत्या येथे टाका'. माझं ऐकणाऱ्या दोन माणसांचं वाटोळं झालं.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या नव्या लष्कराच्या सामानखात्यासाठी फिलाडेल्फियाच्या एका सुताराने मला घडवलं. नियम सरळ होता. दिलेल्या वस्तूची पावती दाखवा, नाहीतर किंमत स्वतःच्या खिशातून भरा. एका हिवाळ्यात जोसाया नावाच्या भांडारपालाच्या दारात अनवाणी शिपाई आले. त्याने त्रेपन्न जोड बूट वाटले, कागदावर सहीऐवजी त्रेपन्न फुल्या घेतल्या आणि कागद माझ्यात टाकला. नंतर किल्ली बर्फात हरवली.

"कुलूप फोडा, कागद आतच आहे!" तो तपासनिसांना म्हणाला.

"पेटी सरकारी आहे. ती फोडणं हा गुन्हा होईल."

त्यांनी त्याला गुन्ह्यापासून वाचवलं आणि त्याचं घर जप्त केलं. जोसाया कर्जदारांच्या तुरुंगात खोकून खोकून मेला. मला सरकारने पुढे भंगारात काढलं. एका जोड बुटाच्या किमतीत.

एका जहाजाच्या कप्तानाबरोबर मी जपानमध्ये योकोहामाला आले. 'कधीच न उघडलेली' म्हणून माझा भाव चढत गेला. आता मी एका आयटी कंपनीच्या स्वागतकक्षात 'चोख हिशेबाचं प्रतीक' म्हणून बसते. रोज मऊ फडक्याने मला पुसतात.

पुसायची ती पुण्याची नयना. ऑफिसची व्यवस्था बघायची, तीन वर्षं कंत्राटावर होती, एप्रिलमध्ये कायम होणार होती. फेब्रुवारीत एका दुपारी भूकंप झाला. गाड्या बंद पडल्या. बाहेर गारठवणारा पाऊस, आणि आमच्या दाराशी आडोशाला उभी म्हातारी माणसं, शाळेची पोरं. आपत्तीसाठीची ब्लँकेटं कपाटात होती. ती द्यायला विभागप्रमुख लक्ष्मीकांत सरांचा शिक्का लागतो. सर ओसाकाला होते, शिक्का त्यांच्या खिशात. फोन लावता लावता नयनाच्या मोबाइलची बॅटरी संपली.

तिने तेवीस ब्लँकेटं वाटली. प्रत्येकाची सही घेतली. मग कागद कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं, माझी पट्टी वाचली आणि दानपेटीत नोट सरकवावी तसा कागद माझ्यात सरकवला.

दोन दिवसांत तेवीसही ब्लँकेटं धुऊन, घड्या घालून, वर बिस्किटांचे पुडे ठेवून परत आली. त्यानेच प्रकरण चिघळलं. जी दिल्याची नोंदच नाही, ती परत कशी घ्यायची?

"नयना-सान, सह्यांचा कागद?" सरांनी विचारलं.

"सर, पेटीत आहे. हे बघा." तिने फटीतून टॉर्च मारला. "कोपरा दिसतोय ना?"

सर वाकले. डोळा लावून नीट पाहिलं. "दिसतोय. पण दिसणं म्हणजे सादर करणं नव्हे."

"मग उघडू या ना सर!"

"कुलूप तोडायला मुख्य कार्यालयाची परवानगी लागते. पाच शिक्के. ऑडिट शुक्रवारी आहे." मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून ते आवाज मऊ करून म्हणाले, "अगं, मला कळतं सगळं. मुलीसारखी आहेस तू मला. म्हणून तर अहवालात 'चोरी' लिहिलं नाही, 'निष्काळजीपणा' लिहिलंय."

"थँक्यू म्हणू का सर?"

"म्हणालीस तर बरं दिसेल."

ती म्हणाली नाही. मार्चअखेर तिचं कंत्राट संपलं. जाण्याआधी तिने मला शेवटचं पुसलं, पट्टीसुद्धा.

आता माझ्या पोटात त्रेपन्न फुल्या आणि तेवीस सह्या एकमेकींवर पडून आहेत. कोणाचाच हिशेब चुकलेला नाही. माझ्यावर साधा ओरखडाही नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली काळजी घ्या म्हणून विनवतात. मी म्हणते, माझी काळजी पुरे झाली. हातोडी आणा.