टाकीचं झाकण

मास्तरांच्या गाडीच्या पेट्रोल टाकीला नऊ दिवस झाकण नव्हतं. झाकणाच्या जागी प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीवर दोन रबरबँड. गाडीत बसलं की पेट्रोलचा वास डोक्यात जायचा. पण मास्तरांना धास्ती होती ती रविवारची. रविवारी मुलगी येणार होती आणि ती आल्या आल्या गाडीभोवती एक फेरी मारायचीच.

मागच्या महिन्यात दूध उतू जाऊन गॅस विझला आणि मास्तर बाहेरच्या खोलीत तसेच बसून राहिले, तेव्हापासून हे सुरू झालं होतं. "बाबा, आता आणखी एक असला घोळ दिसला ना, तर किल्ली मी घेऊन जाणार," असं तिने बजावलं होतं. मुलगी बोलली म्हणजे बोलली. हा हट्ट थेट आईचा, आणि आई जाऊन सात महिने झाले होते. गाडी गेली तर दिवस काढायचा कसा? भिंतींशी बोलून बोलून मास्तर थकले होते, आणि भिंतीही कंटाळल्या असाव्यात.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की नुसत्या नजरेने त्याच्या कमरेचं माप सांगायचे. त्याच तोऱ्यात त्यांनी टाकीच्या तोंडाला टेप लावला. दुकानदार गाडीचं मॉडेल विचारत होता, तर हे म्हणाले, "मॉडेल कशाला? माप आणलंय ना!" घरी आल्यावर झाकण तोंडावर बसलं, पण काही केल्या फिरेना. आतले आटेच वेगळे होते. दुसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून मास्तर परत गेले आणि गाडीचे कागद दुकानदारापुढे ठेवले.

नवीन झाकणाला काळी पट्टी होती. पट्टीचं टोक गाडीच्या भोकात अडकवलं की झाकण काढलं तरी तिथेच लोंबकळणार, हरवायचं नावच नको. मास्तर हरखले. भोकात जुन्या पट्टीचा तुकडा रुतून बसला होता. तो पक्कडीने ओढून काढण्यात शनिवारची सकाळ गेली आणि अंगठा सोलवटला. मग नवीन टोक दाबून बसवलं, झाकण फिरवलं. टक, टक, टक असा आवाज आला. त्यांनी सवयीने मागे वळून पाहिलं. कौतुक करायला कोणी नव्हतं. मास्तरांना फार एकटं वाटलं. पिशवी आणि रबरबँड त्यांनी कचऱ्यात खोल दडपून टाकले.

रविवारी मुलगी आली, घरात पाऊलही न टाकता गाडीभोवती फिरली आणि टाकीपाशी थबकली. झाकण फिरवून तिने हात सोडला. झाकण पट्टीवर झुलत राहिलं.

"बाबा, ही पट्टी कुठून आली?"

"होतीच की."

"होती कशी? आईने कापली होती. झाकण लोंबून रंगाला चरे पडतात म्हणून. तुमच्या कापड कापायच्या कात्रीने! तुम्ही दोन दिवस जेवणाच्या ताटावर रुसला होतात."

मास्तरांचं पितळ उघडं पडलं. काम इतकं नेटकं केलं होतं की त्या नेटकेपणानेच घात केला. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मुलीपुढे धरली.

"घे. पण विसरलो म्हणून हरवलं नाही ते," ते म्हणाले. "पट्टी कापल्यापासून आमचं ठरलेलं होतं. गाडी ती चालवायची, उतरायचं मी. झाकण काढायचं, तिच्या काचेवर टकटक करायचं, ती हात बाहेर काढायची. पेट्रोल भरेपर्यंत झाकण तिच्या मुठीत. सतरा वर्षं, गं. ती गेल्यावर इतके महिने निभावलं, पण त्या दिवशी जुन्या सवयीने झाकण काढलं, काचेवर टकटक केलं आणि उभा राहिलो. काच खाली येईना. मग लक्षात आलं, आत कोणी नाही. आता ती माझीच जागा आहे. पंपावरचा माणूस बघत होता. झाकण टपावर ठेवलं, डोळे पुसले, पैसे दिले आणि निघून आलो. विसरलो असतो तर बरं झालं असतं."

मुलीने किल्ली घेतली. मग तिने गाडीचं दार उघडलं. सीट अजून पुढेच ओढलेली होती, आईच्या उंचीची. मास्तर सात महिने गुडघे स्टिअरिंगला घासत गाडी चालवत होते.

"कात्री आणू का?" मास्तरांनी हळूच विचारलं. "पट्टी कापून टाकतो. पंपावर जाऊ. तू बस तिच्या जागी."

मुलीने मान हलवली. "नको, बाबा. राहू द्या पट्टी. मी प्रत्येक वेळी नाही हो येऊ शकणार."

तिने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटवली. संध्याकाळी ती गेली. जाताना सीट तेवढी मागे सरकवून गेली.

पुढच्या आठवड्यात मास्तर पंपावर उतरले. झाकण फिरवलं, सोडलं. ते पट्टीवर लोंबत राहिलं. चरा पडू नये म्हणून मास्तरांनी ते हातात धरलं आणि पेट्रोल भरेपर्यंत सोडलं नाही.