मर्यादेचा स्क्रू

तीस अँपिअर झाले की टक्क आवाज, आणि लाल दिवा. हवे होते चाळीस.

पॉवर सप्लाय विकायला पाठवण्याआधी त्यातून पूर्ण करंट ओढून बघायचा, हे या लोड यंत्राचं काम. खादाडच ते. पण हावरटपणाने जास्त ओढलं तर स्वतःच जळायचं, म्हणून त्याच्या पोटात एक राखणदार सर्किट बसवलेलं. मर्यादा ओलांडली की ते सगळं बंद पाडतं. गेले दोन दिवस ते ऊठसूट बंद पाडत होतं, आणि दोनशे सप्लाय टेबलावर ताटकळत होते.

"त्या सर्किटला जम्पर मार," काका पुतणीला म्हणाले. "नसती कटकट."

कारखान्यातल्या टेस्टिंगचे मुख्य म्हणजे तिचे सख्खे काका. तिला इथं चिकटवलं त्यांनीच, आणि दिवसातून एकदा तरी ते बोलूनही दाखवायचे. जम्पर म्हणजे एक तार टाकून राखणदाराला मुका करायचं.

"नाही मारणार," ती म्हणाली.

शेजारच्या टेबलावर सोल्डरिंग करणारे हात थबकले. काकांना 'नाही' म्हणायची इथं पद्धत नव्हती.

"का गं? चार बुकं शिकलीस म्हणून?"

"ते ओरडतंय, तर का ओरडतंय ते आधी बघू. तोंड दाबून काय होणार?"

"पाचपर्यंत चालू झालं नाही, तर उद्यापासून पॅकिंगला. खोकी चिकटवत बस."

"चालेल. पण तोवर कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा."

बोलून तर गेली. पॅकिंगला गेलेलं माणूस टेस्टिंगला परत आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. पण आता शब्द मागे घेतला तर बापाचं नाव लावणार नाही, असं म्हणत तिनं झाकण उघडलं.

आत करंटच्या चार वाटा होत्या. चाळीस आले तर प्रत्येकीला दहा. एखादीतून बाराच्या वर गेला की राखणदार ओरडणार. तिनं नुसते वीस लावले आणि एकेका वाटेवर मीटर धरला. प्रत्येकीत पाच हवे होते. पहिलीत दहा. दुसरीत शून्य. तिसरीत दहा. चौथीत शून्य.

तिला आधी हसू फुटलं, मग संताप आला. चौघींचं ओझं दोघी वाहत होत्या आणि बोलणी खात होता ओरडणारा. घरोघरी मातीच्या चुली!

पण गणित जुळेना. दोन वाटा, प्रत्येकी बारा, म्हणजे चोविसालाच बंद पडायला हवं. हे तिसापर्यंत गेलंच कसं? तिनं मर्यादेच्या स्क्रूवर उजेड धरला. तो एकदा जुळवला की हलू नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकायची इथली रीत. जुना थेंब तडकला होता आणि त्यावर ताजा टाकलेला. मर्यादा बाराची पंधरा झाली होती.

मग सगळं उलगडलं. आधी एकच वाट मेली असणार. उरलेल्या तिघींवर तेरा-तेरा आल्यावर राखणदार ओरडला, आणि कुणीतरी मर्यादा वाढवून त्याला गप्प केलं. जादा ओझ्यानं आणखी एक मेली. त्या स्क्रूला हात लावायचा अधिकार एकट्या काकांचा होता.

तिनं मेलेल्या दोन वाटांतले जळके ट्रान्झिस्टर बदलले, स्क्रू बारावर आणला आणि चाळीस लावले. चारही वाटांत दहा-दहा. मग मुद्दाम एकोणपन्नासपर्यंत ताणलं. टक्क! लाल दिवा बघून तिला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

"स्क्रूचं बोलू नकोस," काका कानाशी येऊन म्हणाले. "घरातली गोष्ट आहे."

तेवढ्यात कारखान्याचे साहेब आले. "काय झालं होतं?"

"दोन ट्रान्झिस्टर जळले होते. मर्यादा वाढवून ठेवली होती म्हणून." ती काकांकडे वळली. "कुणी, ते तुम्ही सांगता की मी सांगू?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मी," ते म्हणाले.

"आणि आज जम्पर मारला असता तर?" साहेबांनी विचारलं.

"उरलेले दोन पेटले असते. टेबलासकट," ती म्हणाली.

साहेब काकांना केबिनमध्ये यायला सांगून गेले. काका तिच्याकडे वळले. "आज तुझ्या बापाला सांगतो, कसली पोरगी आणली मी इथं."

"सांगा," ती पहिला सप्लाय जोडत म्हणाली. "फक्त अर्धं सांगू नका."