सहावा चौकोन

न्हाणीघरातल्या फळीवर पाच बाटल्या होत्या. पाचही तपकिरी काचेच्या, तीस मिलिलिटरच्या, काळ्या रबरी बोंडाच्या. शेजारी साबणाची एक ट्यूब, कापसाच्या बोळ्यांचं अर्धं पाकीट आणि घडी केलेला एक पांढरा नॅपकिन. नॅपकिनवर दोन ठिकाणी पिवळसर ओले डाग. भाचीने एकेक बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि पाचही ओळीने मांडून पाहिल्या. आतला द्रव एकाच उंचीला होता, खांद्याच्या जरा खाली. प्रत्येकीतून साधारण तीन मिलिलिटर गेलं होतं.

ती काही मोजायला आली नव्हती. रविवारी सकाळी ती मावशीला सहज भेटायला आली, मावशीने दार उघडलं, आणि तो चेहरा पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं. पाय आपोआप न्हाणीघराकडे वळले. तिथे मोजण्यासारखं काहीतरी होतं.

मावशीच्या नाकाच्या दोन्ही बाजूंची कातडी लाल, ताणलेली आणि चकचकीत झाली होती, तापलेली इस्त्री कापडावर राहून जावी तशी. हनुवटीवर पापुद्रे सुटले होते. डाव्या गालावर एक बारीक चीर होती आणि तिच्यातून पाण्यासारखं काहीतरी झिरपत होतं. दारात ती हसली होती, पण हसू अर्ध्यावरच थांबलं. पुढे हसायला कातडी पुरेना.

"आ वासून काय बघतेस, मोजपट्टे," ती म्हणाली होती. "आत ये आधी. शेजारीण डोकावेल."

मोजपट्टी हे भाचीचं लहानपणापासूनचं नाव. दाराची रुंदी, मांजराची शेपटी, पोळलेल्या बोटावरचा फोड, काही तिच्या पट्टीतून सुटलं नव्हतं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती आता त्वचेची प्रसाधनं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. तपासणीत पास झालेल्या बाटल्यांपैकी एखादी कामगारांना घरी न्यायला मिळायची, कोरी, बिनलेबलाची. भाची तिच्यावर स्वतः चिठ्ठी चिकटवायची आणि मावशीला आणून द्यायची. महिन्याला एक, असं पाच महिने.

मावशीने त्या लगेच उघडल्या नाहीत. चांगली वस्तू सांभाळून ठेवायची, हा तिचा स्वभाव. बावीस वर्षं ती तिकीटखिडकीवर बसली होती. काचेच्या फटीतून लोकांना तिचे फक्त हात दिसायचे. मग खिडकीच्या जागी यंत्र आलं आणि मावशी घरी बसली. बावन्नाव्या वर्षी तिला प्रसाधनांच्या एका दुकानात काउंटरवर काम मिळालं, एक महिन्याच्या परीक्षेवर. आता हातांना कोण विचारतो, लोक तोंडाकडे बघणार. पहिल्या दिवशी घरी येऊन तिने पाचही बाटल्या उघडल्या. त्याला आज एकोणीस दिवस झाले होते.

बाटल्या वापरात आहेत हे भाचीला दिसलं होतं, पण पाचही रोज एकाच वेळी, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. न्हाणीघरातून बाहेर येताना तिला एवढंच वाटलं की दुकानातलं काहीतरी बाधलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, या चालीवर तिने मावशीला फैलावर घेतलं. कुणी काही देतं म्हणून चोपडायचं का, एवढं वय झालं, आधी विचारायचं तरी.

मावशीने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "दुकानातलं मी अजून बोटालाही लावलेलं नाही. तुझंच लावते."

"कुठलं?"

"कुठलं म्हणजे? पाचही. रोज."

"एकाच वेळी?"

"मग काय चिठ्ठ्या टाकून निवडायची होती? वाच की. मला वाचता येतं, तुलाही येत असेल."

भाचीने बाटल्या टेबलावर आणल्या. चिठ्ठ्यांवर तिचंच अक्षर होतं, गोल आणि नेटकं. व्हिटॅमिन सी: रात्री, चेहरा धुऊन, तीन थेंब, रोज. ग्लायकोलिक अ‍ॅसिड: रात्री, चेहरा धुऊन, तीन थेंब, रोज. सॅलिसिलिक अ‍ॅसिड: तेच. रेटिनॉल: तेच. पाचवी नायसिनामाइडची, एरवी अगदी गरीब स्वभावाची, तिच्यावरही तेच. दर महिन्याला तिने नवी चिठ्ठी लिहिली होती, आणि दर वेळी त्या चिठ्ठीला आधीच्या बाटलीचा पत्ताच नव्हता. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ती कशी सरकते ते तिला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. दोन आम्लांनी वरचा थर सोलायचा, रेटिनॉलने खालून नवा थर घाईने वर ढकलायचा, आणि त्या उघड्या कातडीवर लिंबाहून थोडंच सौम्य असं व्हिटॅमिन सी. एकेकटी प्रत्येक बाटली पास झालेली होती. कारखान्यातल्या तपासणीच्या कागदावर अठरा रकाने होते. 'सोबत काय' असा एकही नव्हता.

"चुरचुरलं नाही का गं?" भाचीने विचारलं.

"चुरचुरलं की. नुसती आग. म्हटलं, काम करतंय." मावशीने नॅपकिनने गाल टिपला. "तुला विचारणार होते. पण तू लिहून दिलेलं, त्यावर पुन्हा काय विचारायचं."

भाचीला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तेही येईना. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मावशीला मात्र तिसरंच काहीतरी सलत होतं. तिने कपाटातून दुकानातल्या कायम नोकरीचा, घडी केलेला कागद काढला. महिना संपल्यावर, म्हणजे येत्या गुरुवारच्या पुढच्या गुरुवारी, तो सही करून द्यायचा होता. त्यात एक ओळ होती: मला कोणत्याही प्रसाधनाची अ‍ॅलर्जी नाही. काउंटरवरच्या बाईला दिवसभर हे लाव, ते दाखव करावं लागतं, म्हणून मालकीणबाईंची ती अटच होती. शुक्रवारी एका गिऱ्हाइकाने मावशीच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली बाटली गुपचूप परत ठेवली. शनिवारपासून मालकीणबाईंनी मावशीला मागच्या खोलीत खोकी फोडायला बसवलं होतं.

मावशीचं म्हणणं होतं की दोष तिच्याच कातडीचा आहे. बावीस वर्षं काचेमागे सावलीत राहिलेली, तिला काहीच सोसत नाही. आणि तसं असेल तर ती सही करणार नव्हती.

"खोटं लिहून मिळालेली खुर्ची मला नको," ती म्हणाली, आणि कागद पुन्हा घडीवर घडी घालून ठेवला.

सोमवारी दोघी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून गाल पाहिला आणि मग पाचही चिठ्ठ्या वाचल्या. हे कुणी लिहिलं, असं त्यांनी विचारलं. भाची म्हणाली, मी. "अक्षर छान आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. सगळं बंद. साधं पाणी, साधी जाड पेट्रोलियम जेली, ऊन टाळायचं. कातडी भाजली आहे की अ‍ॅलर्जी आहे, हे आज नुसतं पाहून ठरणार नाही. पूर्ण तपासणी सहा आठवड्यांनी. पण हाताच्या आतल्या बाजूला, चेहऱ्यापासून लांब, एका चौकोनात एकच बाटली, दिवसातून दोनदा, नऊ दिवस लावून बघता येईल. एकही चौकोन पेटला नाही तर त्या तसं लिहून देतील, आणि सहीला तेवढं पुरेल. कुठेही आग झाली तर धुऊन टाकायचं. "आणि पाचही एकत्र हिच्या अंगाला पुन्हा लावायचं नाही," असं त्यांनी भाचीकडे बघत सांगितलं.

मंगळवारी सकाळी भाचीने मावशीच्या डाव्या हातावर पेनाने पाच चौकोन आखले, प्रत्येक वीस मिलिमीटर बाजूचा. त्या दिवसापासून ती कामावर जाताना आणि येताना मावशीकडे डोकावू लागली. थेंब टाकायचा, पसरायचा, घड्याळ लावायचं, वहीत लिहायचं. मावशीला या सगळ्याची गंमत वाटू लागली होती. ती म्हणायची, तिकीटखिडकीवर कुणी माझ्या हाताकडे इतकं निरखून पाहिलं असतं तर लग्नच केलं असतं.

चौथ्या दिवशी तिने भाचीची लांब बाही धरली.

"इतक्या उकाड्यात हे काय?"

भाचीने बाही वर केली. उजव्या हातावर एकच चौकोन होता, तेवढ्याच मापाचा, आणि त्यात गुलाबी झाक. तिने सांगितलं की पाचही बाटल्या एकावर एक, चिठ्ठ्यांवर लिहिल्याप्रमाणेच, ती स्वतःला लावते आहे. नुसते मावशीचे पाच पाहून अर्धंच उत्तर मिळेल. ज्या कातडीला कधी काही झालेलं नाही ती या चिठ्ठ्यांनी पोळते का, तेही कळायला हवं.

मावशीने तो हात उजेडाकडे वळवून पाहिला.

"शिक्षा म्हणून लावत असशील तर आत्ता पूस," ती म्हणाली. "मोजायला लावत असशील तर नीट लाव. कडेला ओघळलंय."

भाचीने ओघळ टिपला. मग नीट लावलं.

रविवारी मावशीने जुन्या नोकरीतली एक सवय बाहेर काढली. तिकीटखिडकीच्या पाळ्यांचा तक्ता तीच बनवायची. तिने मोठा कागद घेतला, आठवड्याचे सात रकाने आखले, आणि चेहरा पूर्ण बरा झाल्यावर काय करायचं ते भाचीला विचारून विचारून भरू लागली. व्हिटॅमिन सी सकाळी, वर ऊन अडवणारं क्रीम. सोमवारी रात्री एकच आम्ल, दुसरं घरातच नको. गुरुवारी रेटिनॉल. बाकीच्या रात्री नायसिनामाइड नाहीतर नुसतं साधं क्रीम. दोघी भांडकुदळ एका खिडकीवर बसवल्या की रांग पेटते, हे मला बावीस वर्षांपूर्वीच कळलं होतं, ती म्हणाली. फक्त तू बाटल्यांची माणसांसारखी ओळख करून दिली नाहीस. भाची हसली नाही. तिने जुन्या पाचही चिठ्ठ्या पाण्यात भिजवून सोलल्या आणि नव्या लिहिल्या. प्रत्येकीवर शेवटची ओळ होती: कुणासोबत नाही.

गुरुवारी सकाळी आठला मावशी खिडकीशी बसली, डावा हात टेबलावर उताणा, उजव्या हातात पेन. वहीखाली तो सहीचा कागद होता, घडी उलगडलेला. नऊला डॉक्टरीणबाई दवाखान्यात येणार होत्या आणि दहाला दुकान उघडणार होतं. भाचीने स्टीलची पट्टी आणि भिंग काढलं. तिने मनगट टेबलावर टेकवलं आणि एकेक चौकोन पाहून सांगू लागली. मावशी लिहू लागली.

पहिला, व्हिटॅमिन सी: शून्य.

दुसरा, ग्लायकोलिक: शून्य.

तिसरा, सॅलिसिलिक: शून्य.

चौथा, रेटिनॉल: शून्य.

पाचवा, नायसिनामाइड: शून्य.

मग भाचीने स्वतःची उजवी बाही कोपरापर्यंत वर केली, पट्टी डाव्या हातात घेतली आणि दोनदा मोजलं.

सहावा, पाचही एकत्र, वीस मिलिमीटरचा चौकोन: लाली सत्तावीस मिलिमीटर लांब, चोवीस मिलिमीटर रुंद.