नाळेचा साग

प्लेर डोने उभ्या आयुष्यात हजारेक साग मारले असतील, पण त्यातला एकही त्याच्या स्वप्नात आला नव्हता. जंगलखात्याच्या साहेबाने हातोड्याचा छाप मारलेल्या झाडाला कंबरेच्या उंचीवर पार गाभ्यापर्यंत गोल खाच पाडायची आणि पुढच्या झाडाकडे वळायचं, एवढंच त्याचं काम. झाड मग तीन वर्षं उभ्याउभ्या वाळतं. ओला साग नदीत बुडतो, वाळलेला तरंगत रंगूनला जातो.

त्या हिवाळ्यात टोळी नव्या गाडीवाटेने, डोंगराच्या उलट्या अंगाने वर चढली. धुकं असं की शेजारच्याचं नाक दिसू नये. सकाळचं तिसरं झाड संपवून प्लेर डोने घाम पुसला, झाडाला वळसा घातला, आणि कुऱ्हाड खाली टाकली. हात उंचावला तर पोचेल अशा जागी सालीत एक जुनी खोबण होती. ती त्यानेच कोरली होती, त्याची लेक पॉ वा जन्मली त्या दिवशी.

मूल झालं की बापाने नाळ बांबूच्या नळीत घालून रानातल्या झाडाला बांधायची, ही रीत. मुलाचा जीव त्या झाडापाशी राहतो, म्हणून त्याला कुऱ्हाड लावत नाहीत. बाकीचे बाप फणस बघतात, आंबा बघतात. प्लेर डोला शहाणपण सुचलं होतं. सागाला वाळवी लागत नाही, पाणी त्याला कुजवत नाही. पोरही तशीच टिकेल. नळी केव्हाच गळून गेली असणार, ती बसवायला कोरलेली खोबण मात्र होती.

त्याने खाचेत चिखल भरला. दुसऱ्या दिवशी चोरून कोंबडं दिलं, तांदळाची दारू ओतली. घरी चकार शब्द काढला नाही. कुठल्या तोंडाने काढणार?

त्याच महिन्यात खालच्या गावातून क्री टू नावाच्या पोराची माणसं पॉ वाला मागणी घालायला आली. पोरीने लग्नातलं लाल लुगडं आधीच विणून ठेवलं होतं. कुमारिकेचा पांढरा झगा कधी एकदा उतरवते असं तिला झालं होतं. पण खालच्या गावाला जायचं म्हणजे नदी ओलांडायची.

"यंदा नको," प्लेर डो म्हणाला.

"यंदा नको म्हणे!" त्याची बायको तॉ मे कडाडली. "पॉ वाच्या पा, पोरगी काय मासळीसारखी मडक्यात मुरवायचीय तुला?"

पुढच्या वर्षीही तो "यंदा नको"च म्हणाला. पॉ वाने झाडावर चढायचं नाही, जत्रेला जायचं नाही, ओढ्यावर एकटीने जायचं नाही. पावसाळ्यात सगळं रान हिरवंगार झालं, त्या सागाला पालवी फुटली नाही. इकडे पॉ वाचं हसणं बंद झालं. मग तिचे केस गळू लागले. तो झाड बघून यायचा आणि पोरीकडे बघायचा, आणि दोन्हीकडे त्याला तेच दिसायचं. घरात बसल्या जागी सागाचं वाळकं पान पडल्याचा आवाज यायचा. तो जमीन चाचपायचा, तिथे काही नसायचं.

तिसऱ्या वर्षी तोडणी आली. त्या दिवशी पोट दुखतंय सांगून तो घरी राहिला आणि पॉ वा भात कांडत होती तिथेच उकिडवा बसला. दुपारी डोंगर हादरला. कोंबड्या फडफडल्या. प्लेर डोने डोळे गच्च मिटले.

मुसळाचा आवाज चालूच होता.

त्याने झटक्यात उठून पोरीचा हात धरला, नाडी बघितली, आणि लहान मुलासारखा रडायला लागला. तीन वर्षं गिळलेलं सगळं त्याने दोघींसमोर ओकून टाकलं.

तॉ मे हसायलाच लागली. "अरे खुळ्या, ती नळी तिथे होतीच कधी? सागावर सरकारचा डोळा असतो हे मला बाळंतिणीला कळत होतं, तुला नाही! चौथ्या दिवशी मी ती सोडवली आणि झऱ्यामागच्या आंब्याला बांधली. बापाची गाठ आईने सोडली हे सांगायचं कुणाला? म्हणून गप्प बसले. जाऊन बघ, आंबा कसा लगडलाय."

बोलता बोलता तिची नजर पोरीकडे गेली आणि तिचं हसणं मावळलं.

प्लेर डोच्या अंगात मात्र आनंद मावेना. "पॉ वा, ऊठ! आजच निरोप धाडतो खाली. ते लाल लुगडं काढ बघू."

"नाहीये, पा."

"नाहीये? कुठे गेलं?"

"क्री टूच्या बायकोला दिलं. भात काढल्यावर लग्न झालं त्यांचं. तिला विणता येत नाही." तिचा आवाज अगदी सरळ होता; त्यात राग नव्हता. त्याने रागाची वाट पाहिली, पण तो आलाच नाही.

"दुसरं विण," तो कसाबसा म्हणाला. "आता जा की कुठेही. कुणी अडवत नाही तुला."

पॉ वाने मुसळ पुन्हा उचललं. "कशाला, पा?" ती म्हणाली. "इथेच बरंय."

तिचा पांढरा झगा कंबरेपाशी मळून विटला होता. प्लेर डो त्या झग्याकडे बघत राहिला. साग तर आडवा झाला होता, तरी मागे कुठेतरी एक वाळकं पान पडलं, आणि या वेळी त्याने जमीन चाचपली नाही.