परक्या हाडाला माती

मुरुडचे किराणा व्यापारी मडिवाळप्पा यांच्या जबड्यातली गाठ काढली, तेव्हा डाव्या बाजूला पेन्सिलीएवढंच हाड उरलं. ती पोकळी भरली नाही, तर भाकरी चावतानाही जबडा मोडेल, असं लातूरच्या डॉक्टर मंजुश्रीनं त्यांना स्पष्ट सांगितलं.

"भराव दोन तऱ्हेचा मिळतो, आप्पा. बैलाच्या हाडाची भुकटी, नाहीतर मेलेल्या माणसानं दान केलेल्या हाडाची."

"शिव शिव! गळ्यात लिंग हाय माझ्या. बैल न्हाई चालायचा."

"आणि माणूस?"

"माणूस चालंल. त्यात एखादा शाकाहारी तरी निघतो."

मंजुश्री त्यांच्याच लिंगायत समाजातली. तिला हसू आवरेना. तिनं आप्पांचं रक्त काढून यंत्रात फिरवलं आणि नळीत साकळलेला पिवळट गोळा भुकटीत कालवला. रक्तातले ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढीला चालना देणारे घटक, त्या गोळ्यात असतात. त्यांच्यामुळं हाड लवकर धरतं. लवकर म्हणजे चार-सहा महिन्यांत. टाके घालून झाले तेव्हा तोंड किती उघडतं ते तिनं बोटांनी मोजलं; आप्पांच्या तोंडात तिची तीन बोटं मावत होती.

"कोण व्हता त्यो?" खुर्चीतून उठताना आप्पांनी विचारलं.

"नाव कळवत नाहीत."

"माती झाली का त्याची?"

तिनं गोळ्यांची चिठ्ठी पुढं केली.

आठव्या दिवशी आप्पा टाके काढायला आले. तोंडात दोनच बोटं गेली. टाक्यांवर राखाडी थर होता. तिनं तो कापसानं टिपून पाहिला. विभूती होती, आणि मीठ.

"आप्पा, हे काय केलंत?"

"आपल्यात माणूस पुरताना खड्ड्यात काय घालतेत, तुला ठावं न्हाई व्हय माय? रोज पूजा झाली की चिमूटभर घातलं. बिनमातीचं किती दिवस ठिवायचं त्याला?"

"मिठानं भराव जळतो, आप्पा! जबडा जाईल तुमचा."

तिनं घाईनं एक्स-रे काढला. पोकळी आठ दिवसांतच पक्क्या हाडानं पांढरीशुभ्र भरलेली होती. तिनं नाव पाहिलं, तारीख पाहिली. पुन्हा एक्स-रे काढला. आता पांढरा भाग काठ ओलांडून कानाजवळच्या सांध्याकडं चढला होता. दोन्हींत बारा मिनिटांचं अंतर होतं.

"मीठ लागू पडंना त्याला," आप्पा म्हणाले. शब्द दातांत अडकत होते. "आपण बसवून पुरतो. त्यो बसंना. उभाच ऱ्हायलाय."

तिनं बोट घालून पाहिलं. एकच मावलं.

"आप्पा, भूल देऊन हे आत्ताच कोरून काढते. जबडा मोडेल कदाचित, पण तोंड उघडेल. काढू ना?"

आप्पांनी गळ्यातलं लिंग मुठीत घट्ट धरलं आणि दोनदा होकारार्थी मान हलवली. त्याच वेळी त्यांच्या मिटत्या दातांआडून शब्द आला, "नको."

त्या आवाजात मुरुडचा हेल नव्हता.

मंजुश्रीनं सुई भरली आणि आप्पांचा ओठ बाजूला केला. वरचे-खालचे दात एकमेकांत रुतले होते. सुई जाईल एवढीही फट उरली नव्हती.